काळा गंधक आणि पिवळा गंधक

गेल्या उन्हाळ्यांत आमचे ओतूरकडील मावसबंधू कांद्याची गाडी घेऊन वाशीच्या बाजारांत आले होते. हा कांदा-बटाट्याचा बाजार आमच्या सानपाड्याच्या घरापासून फारसा दूर नसल्यामुळें, पट्टी हातीं पडेपर्यंतचा वेळ ते बहुधा आमच्याकडेच काढतात. त्या दिवशीं जेवण आटोपल्यावर त्यांनीं पिशवींतून दोन पुड्या काढून आमच्यापुढें ठेवल्या. एका पुडींत करड्या-पिवळ्या रंगाचे, मसुरीच्या डाळीएवढे चपटे दाणे होते. दुसरींत काळी भुकटी होती. ती बोटांनीं चोळली असतां किंचित् तेलकट लागे आणि डाग लवकर निघत नसे.

"अण्णा, हा पिवळा गंधक आणि हा काळा गंधक. पिवळ्याच्या एका पोत्याच्या पैशांत काळ्याचीं पांच पोतीं येतात. व्यापाऱ्यानें प्रयोगशाळेचा कागदसुद्धां दिला आहे. गंधक तो गंधकच ना?"

आमचा सगळा जन्म महसूल कचेरींत कागद चाळण्यांत गेलेला. तेव्हां भुकटीपेक्षां कागदच आम्हीं आधीं हातांत घेतला. त्यावर मालाचें वर्णन 'पेट्रोलियम कोक' असें असून गंधकाच्या रकान्यांत ६.१ टक्के हा आंकडा होता. कागदांत खाडाखोड नव्हती, शिक्काही जेथें असावयास पाहिजे तेथेंच होता. आणि पुढें चौकशी करतां तो आंकडा अगदीं संभवनीय असल्याचेंही आम्हांस कळलें. म्हणजे कागद खोटें बोलत नव्हता. मावसबंधूंनीं तीस पोतीं घेतलीं होतीं व त्यांपैकीं चार पोतीं दहा गुंठे कांद्यास घालूनही पाहिलीं होतीं. कांद्यांत कांहीं फरक दिसला नाहीं. तो मात्रा कमी पडल्यामुळें दिसला नसावा असा त्यांचा ग्रह होता. सबब पुढील रब्बीस दुप्पट मात्रा सगळ्या क्षेत्रास घालावी असा त्यांचा बेत चालला होता.

आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि रसायनशास्त्राशीं आमचा संबंध तेथील फळ्यापुरताच. परंतु आमच्या शेजारीं एक गृहस्थ राहतात, त्यांची उभी हयात तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत गेली आहे. संध्याकाळीं खाडीच्या बाजूस फिरावयास जाण्याचा आम्हां दोघांचा परिपाठ आहे. पुढें चार-सहा दिवस आम्ही ती पुडी खिशांत घालून त्यांच्याबरोबर फिरत होतों, आणि जें समजलें तें येथें सभासद बंधूंपुढें ठेवीत आहों. कारण असाच माल दुसऱ्या कोणाच्या पडवींत येऊन पडला नसेल असें नाहीं.

सानपाड्याच्या खाडीवरून पाहिलें असतां पलीकडे तुर्भ्याची टेकडी दिसते. (आमच्या बाजूसही एक तुर्भें आहे आणि पलीकडेही एक आहे, इंग्रज ज्यास ट्रॉम्बे म्हणत तें, या दोहोंच्या घोळांत कित्येक टपाल चुकलेलें आम्हीं पाहिलें आहे.) त्या टेकडीच्या अंगास माहूल येथें १९५४ व १९५५ सालीं दोन परदेशी कंपन्यांनीं तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभारले. पुढें १९७४ व १९७६ सालीं ते सरकारच्या ताब्यांत आले, आणि आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या नांवांनीं चालतात. ओहोटीच्या वेळीं खाडीचा चिखल उघडा पडला म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो नवख्या माणसास या कारखान्यांचा वाटतो. खरें पाहतां तो चिखलांतील सूक्ष्म जंतूंनीं समुद्राच्या पाण्यांतील गंधकापासून केलेल्या हायड्रोजन सल्फाइड नांवाच्या वायूचा वास होय. हेंच नांव पुढें पुन्हां येणार आहे, म्हणून वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

भूगर्भांतून निघणाऱ्या कच्च्या तेलांत गंधक असतो. कोठें कमी, कोठें जास्त. आपल्या मुंबई हाय क्षेत्रांतील तेलांत तो शेंकडा पाव भागाहूनही कमी, आसामच्या तेलांतही थोडाच; पण इराणच्या आखाताभोंवतीं सांपडणाऱ्या पुष्कळशा तेलांत तो शेंकडा दोन ते तीन भाग असतो, आणि आपल्या देशांत बाहेरून येणाऱ्या तेलाचा मोठा वांटा तिकडचाच आहे. कारखान्यांत हें तेल तापवून त्याची वाफ वेगवेगळ्या थरांवर थंड करतात. हलकी वाफ पेट्रोल होते, त्याखालीं रॉकेल, त्याखालीं डिझेल. ज्याची वाफ होत नाहीं तें काळें, चिकट द्रव्य तळाशीं उरतें.

गंधकाचा ओढा या तळाकडे असतो. आमच्याकडील खाडीकांठच्या लोकांनीं मिठागरें पाहिलेलीं आहेत. एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत पाणी जातां जातां उन्हानें आटतें. मीठ कोठें जात नाहीं, उरलेलें पाणी मात्र अधिकाधिक खारट होत जातें. तद्वतच हलकें तेल वर निघून जातें आणि गंधक तळाच्या गाळांत दाट होत जातो. कच्च्या तेलांत तो दोन-तीन टक्के असला तर शेवटच्या गाळांत चार-पांच टक्क्यांवर, कधीं त्याहूनही वर, जातो. निकेल व व्हॅनेडियम या धातूही त्याच मार्गानें तळास जातात.

या गाळाचें काय करावयाचें हा तेल कारखान्यांपुढील जुना प्रश्न आहे. माहूल येथें त्यापासून डांबर आणि भट्ट्यांत जाळण्याचें तेल काढतात. परंतु गाळांतूनही आणखी डिझेल पिळून काढावें या हेतूनें देशांतील कित्येक कारखान्यांनीं त्याचा कोक करण्याची रीत धरली आहे. १९६२ सालीं सुरू झालेल्या गुवाहाटीच्या कारखान्यांत ही भट्टी आहे. जामनगरचा प्रचंड कारखाना, कोयाळी, कोची, आणि गोविंदपंत बुंदेल्यांमुळें मराठी माणसाच्या ओळखीच्या असलेल्या सागर जिल्ह्यांतील बीना येथेंही ती आहे. गुवाहाटीस आसामचें गोड तेल गेल्यामुळें तेथील कोकांत गंधक थोडा, आणि ॲल्युमिनियमच्या कारखान्यांस तो हवाहवासा. आखाताकडील तेलाचा कोक मात्र बहुतेक जळणाच्याच लायकीचा होतो. तेव्हां काळा कोक सगळा एकजात नव्हे, हेंही येथें सांगून ठेवूं.

कोक करण्याची रीत अशी. गाळ नळ्यांतून मोठ्या वेगानें भट्टींत नेतात व थोड्या वेळांत ४८० ते ५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात. नळींतच तो थिजूं नये म्हणून त्यांत थोडी वाफ सोडतात. तेथून तो आठ-दहा मजली घराएवढ्या उंच पोलादी नळकांड्यांत जातो, आणि मग सावकाश, तास-तास, स्वतःच्याच उष्णतेनें शिजत राहतो. शिजतांना मोठे कण फुटून हलके होतात. ते वायुरूपानें माथ्यावरून निघून जातात. आणि जें फुटून निघूं शकत नाहीं तें एकमेकांस जखडून काळा दगड बनतें. हाच कोक. नळकांडी जोडीजोडीनें असतात. एक भरत असतां दुसऱ्यांतील थंड झालेला कोक अतिशय दाबाच्या पाण्याच्या धारेनें कापून खालीं पाडतात. गुऱ्हाळांतील चुलवाण थांबत नाहीं आणि काहील मात्र उतरते, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच कीं येथें उतरलेल्या मालापेक्षां उडून गेलेली वाफच मालकास अधिक प्रिय.

आतां या नळकांड्यांत गंधकाचें काय होतें, हाच आमच्या पुडीचा मुद्दा. आम्हीं शेजाऱ्यांस म्हटलें, "आम्हांस जमाखर्च समजतो, त्या भाषेंत सांगा." त्यांनीं सांगितलें तें येणेंप्रमाणें. पांच टक्के गंधक असलेला १०० टन गाळ नळकांड्यांत गेला, म्हणजे ५ टन गंधक जमा झाला. त्याचा खर्च असा पडतो: अदमासें तीस टक्के, म्हणजे दीड टन, हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपानें वर निघून जातो, चाळीस टक्के, म्हणजे दोन टन, वर गेलेल्या तेलांबरोबर जातो, आणि त्यांतही जड तेलांत अधिक, हलक्यांत थोडा, आणि बाकीचा तीस टक्के, म्हणजे दीड टन, कोकांत राहतो. कोक सुमारें ३० टन निघतो, म्हणजे कोकांतही पुन्हां पांच टक्केच झाला. हे आंकडे गाळागाळाप्रमाणें खालींवर होतात, आणि कोकांतील टक्का मूळ गाळापेक्षां थोडा चढाच राहण्याकडे कल असतो. भट्टीवाल्यानें उष्णता वा दाब कमीजास्त करून या वांटणींत फारसा बदल करतां येत नाहीं. गाळांत जेवढा गंधक आला त्यावर कोकांतला ठरतो. तो कमी व्हावा असें वाटल्यास गाळच आधीं शुद्ध केला पाहिजे, किंवा तेलच गोड आणलें पाहिजे.

पण एका घरांतले हे तीन भाऊ तीन दिशांस कां जातात? याचें उत्तर मिळाल्यावांचून आमच्या मावसबंधूंच्या प्रश्नाचें उत्तर मिळत नव्हतें.

गाळांतील गंधक मोकळा नसतो. तो तेलाच्या कणांत कोळशाच्या अणूंशीं बांधलेला असतो, आणि ही बांधणी दोन तऱ्हांची आहे. कांहीं ठिकाणीं तो साखळींतील एका कडीसारखा दोन बाजूंस धरलेला असतो. ही गांठ कच्ची असते. साडेचारशें अंशांपुढें ती सुटते, आणि सुटलेला गंधक हायड्रोजनशीं मिळून वायुरूपानें निघून जातो. दुसऱ्या तऱ्हेंत तो पांच अणूंच्या बंद कड्यांत बसलेला असतो, आणि तें कडें पुन्हां इतर कड्यांस चिकटलेलें असतें, फरसबंदींतील चिऱ्याप्रमाणें. या कड्यास रसायनशास्त्रांत थायोफीन म्हणतात. तें नळकांड्याच्या उष्णतेस दाद देत नाहीं. उलट तेल जसजसें निघून जातें तसतशीं अशीं कडीं एकमेकांस जोडून मोठमोठे थर बनतात, आणि गंधक त्या थरांत चिणला जातो. इतकेंच नव्हे, तर मोकळा झालेला कांहीं गंधकही परत फिरून अशा कड्यांत अडकतो.

किती घट्ट चिणला जातो याचें एक प्रमाण आमच्या शेजाऱ्यांनीं दिलें, तें आमच्या मनांत राहिलें आहे. ॲल्युमिनियमच्या कारखान्यांसाठीं कोक पुन्हां १२०० ते १३५० अंशांपर्यंत भाजतात. त्यांतील ओल जाते, तेलकटपणा जातो, वायु जातात. पण गंधकाचा मोठा भाग तसाच राहतो. तो पुरता हांकलून लावावयाचा तर उष्णता याहूनही पुष्कळ वाढवावी लागते, आणि तसें करतां कोकच फुगून ठिसूळ होतो. जो गंधक तेराशें अंशांत जागचा हलत नाहीं, तो ओतूरच्या जमिनींत पावसाच्या पाण्यानें सुटावा अशी अपेक्षा आम्हीं केली होती! त्या संध्याकाळीं सायन-पनवेल रस्ता ओलांडतांना शेजारी हसून म्हणाले, "या सडकेच्या डांबरांतही शेंकडा तीन-चार भाग गंधक असतो. सडकेवरचें पाणी शेतांत उतरल्यामुळें कोणाचा कांदा पोसल्याचें आपण ऐकलें आहे काय?"

आतां निघून गेलेल्या भावांची हकीकत. हायड्रोजन सल्फाइड हा वायु मोठा घातकी आहे. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येऊन माणूस सावध होतो. पण तो वाढला कीं नाकाची घ्राणशक्तिच मरते, वास येईनासा होतो, आणि धोका टळला असें वाटत असतांनाच माणूस कोसळतो. बंद गटारांत वा शेणवायूच्या टांकींत उतरलेलीं माणसें अशींच दगावतात, हें शेतकऱ्यांनींही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारखान्यांत हा वायु एका द्रावणांत शोषून घेतात, मग द्रावण तापवून तो मोकळा करतात, आणि त्याचा तिसरा हिस्सा हवेंत जाळतात. जळालेल्या हिश्श्याचा गंधकी धूर होतो. तो उरलेल्या दोन हिश्श्यांबरोबर मिळाला म्हणजे दोहोंचें पाणी व निर्भेळ गंधक होतो. ही युक्ति क्लाउस नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८८३ सालीं काढली. आज जगांतील बहुतेक सर्व तेल कारखाने तिच्यावरच चालतात. निघालेला गंधक पातळ मधासारखा असतो आणि ११५ अंशांच्या आसपास थिजून पिवळा धमक होतो.

तेलांबरोबर गेलेला दोन टनांचा वांटाही बहुतेक याच वाटेस येतो. त्या तेलांवर दाबाखालीं हायड्रोजनचा प्रयोग करून त्यांतला गंधक वायुरूप करतात आणि तो वायु पुन्हां क्लाउसच्या भट्टीकडे पाठवितात. हें पूर्वीं थोडें होत असे, आतां फार होतें. कारण १ एप्रिल २०२० पासून देशांत विकल्या जाणाऱ्या डिझेलांत गंधक दहा लक्ष भागांत दहा भागांपेक्षां अधिक असूं नये असा निर्बंध आहे. आपल्या ट्रॅक्टरांत पडणाऱ्या डिझेलांतून काढलेला गंधक आपल्याच शेतांत खत म्हणून परत येतो, असें म्हटल्यास फारशी चूक होणार नाहीं. एके काळीं हिंदुस्थानास गंधक सिसिली बेटाकडून आणि अमेरिकेंतून आणावा लागे. देशांत त्याच्या म्हणण्यासारख्या खाणी नाहींत. आज देशांतील गंधकाचा मोठा झरा हे तेल कारखानेच आहेत. त्याच गंधकाच्या आम्लानें सुपर फॉस्फेट बनतें, त्याचीच भुकटी नारायणगांव-नाशिककडील द्राक्षांवर भुरीसाठीं उडते, आणि साखर कारखान्यांत उंसाचा रस शुभ्र करण्यासाठीं जो धूर सोडतात तोही त्याचाच.

हा पिवळा गंधकदेखील पीक जसाच्या तसा खात नाहीं. जमिनींत कांहीं सूक्ष्म जंतु आहेत. ओल, ऊब आणि हवा मिळाली म्हणजे ते मोकळ्या गंधकाचें सल्फेट करतात, आणि तें मुळांस लागू पडतें. यास कांहीं आठवडे लागतात, म्हणून गंधक लागणीच्या आधींच मातींत मिसळावा. कण जितका बारीक तितकें काम लवकर. म्हणूनच मावसबंधूंच्या पहिल्या पुडींतल्या दाण्यांत बेंटोनाइट नांवाची माती कालविलेली असते. पाणी लागतांच ती फुगते आणि दाणा विरघळल्यासारखा फुटून त्याची भुकटी होते. या दाण्यांत गंधक ९० टक्के असतो. एकरीं वीस किलो गंधक द्यावयाचा म्हटल्यास असे दाणे बावीस-तेवीस किलो पुरतात. सुपर फॉस्फेट वापरणारास गंधक न मागतां मिळतो. त्याच्या पन्नास किलोंच्या पोत्यांत सुमारें साडेपांच किलो असतो. ज्यांनीं सुपर फॉस्फेट व अमोनियम सल्फेट सोडून नुसता युरिया आणि डीएपी धरला, त्यांच्या जमिनींत गंधकाची ओढ दिसूं लागली तर नवल नाहीं. आपल्या जमिनीस किती हवा हें मात्र माती तपासूनच ठरवावें. कांदा, लसूण, भुईमूग, करडई हीं पिकें गंधकाचीं भुकेलीं खरीं, पण शेजाऱ्यानें घातला म्हणून आपण घालावा हा हिशेब नव्हे.

कोकांतला गंधक या जंतूंस मिळत नाहीं. त्यांस मोकळा गंधक पाहिजे, आणि येथें तो फरसबंदींत बसविलेला. तेव्हां चार पोत्यांनीं फरक दिसला नाहीं तो आठांनींही दिसणार नव्हता, आणि ऐंशींनींही नाहीं. दुसरी गोष्ट याहून वाईट. वर ज्या निकेल व व्हॅनेडियम धातु सांगितल्या, त्यांचा गाळांतील जवळजवळ सगळा वांटा कोकांतच उतरतो; वायूबरोबर वा तेलाबरोबर त्या जात नाहींत. खत म्हणून वर्षानुवर्षें ही भुकटी घालणें म्हणजे जमिनीच्या खात्यावर असलें येणें चढवीत जाणें कीं जें पुढें कोणास फेडतां येणार नाहीं. एका वर्षीं दहा गुंठ्यांत चार पोतीं पडलीं म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं असें आमच्या शेजाऱ्यांचें मत पडलें. पण दुप्पट मात्रेचा बेत आम्हीं त्याच दिवशीं मोडला.

ओळखावयाचें कसें, असें कोणी विचारील. उपाय घरगुती आहेत. पिवळा दाणा पेल्यांतील पाण्यांत टाकला म्हणजे थोड्या वेळांत फुगून विस्कटतो. काळी भुकटी आठवडाभर ठेवली तरी जशीच्या तशी. जुन्या पळींत चिमूटभर गंधक घेऊन मंद विस्तवावर धरला तर तो आधीं वितळतो आणि मग निळ्या ज्योतीनें जळतो; कोक वितळत नाहीं. हा प्रयोग उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि अगदीं थोड्या मालावर करावा, कारण त्या धुरानें श्वास कोंडतो. पण सर्वांत सोपा उपाय पोतें वाचण्याचा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणें विकलें जाणारें खत असेल तर पोत्यावर खताचें नांव, त्यांतील अन्नांशाचा टक्का आणि बनविणाराचें नांव छापलेलें असतें, आणि विक्रेत्यास परवाना लागतो. आमच्या मावसबंधूंचीं पोतीं कोरी होतीं. पावतीवर काय लिहिलें आहे तें आम्हीं त्यांस घरून कळवावयास सांगितलें. पावतीवर लिहिलें होतें: 'कोक पावडर, जळाऊ, पोतीं ३०.'

यापुढें बोलणें खुंटलें. व्यापाऱ्यानें तोंडानें खत म्हणून विकलें आणि लेखणीनें सरपण म्हणून. तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचें आम्हीं सुचविलें व मसुदाही करून दिला; पण नोकरींत असतांना असले अर्ज आमच्या टेबलावरून पुष्कळ गेले आहेत, आणि तोंडच्या शब्दाला फेरफार नोंदवहींत रकाना नसतो हें आम्ही जाणून आहों.

मग मावसबंधूंनीं दुसरा विचार काढला. त्यांच्या बांधालगत एकाची वीटभट्टी आहे. तो उरलेलीं सव्वीस पोतीं निम्म्या किंमतीस घ्यावयास तयार होता. पैसे सुटत होते आणि पडवीही मोकळी होत होती. आम्हांसही प्रथम तें बरें वाटलें. शेजाऱ्यांनीं मात्र मान हलविली. मातींत जो गंधक कांहीं केल्या सुटत नाहीं, तो विस्तवांत सगळाच्या सगळा सुटतो. कारण ज्या कोळशाच्या फरसबंदींत तो बसला आहे ती फरसबंदीच जळून जाते. एक किलो गंधक जळला म्हणजे दोन किलो सल्फर डायऑक्साइड वायु होतो. सहा टक्क्यांच्या एक टन कोकांत साठ किलो गंधक, म्हणजे एकशें वीस किलो वायु. आणि वीटभट्टीस ना उंच धुरांडें ना धूर धुण्याची सोय. तो वायु जड असल्यामुळें वारा पडलेला असतां जमिनीलगत पसरतो, पानांच्या छिद्रांतून आंत शिरतो आणि शिरांमधला भाग पांढुरका वा तांबूस करून मारतो. बांधाच्या अलीकडे कांदाच होता, आणि पलीकडे एकाची द्राक्षबाग.

सिमेंटच्या भट्टींत हाच कोक जाळतात तेथें एवढी ओरड होत नाहीं, याचें कारण भट्टींतच चुना असतो. तो गंधकी धुरास धरून ठेवतो आणि धूर सिमेंटच्या खड्यांत बसतो. विटांच्या मातींत एवढा चुना कोठून असणार? दिल्लीभोंवतालच्या हवेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०१७ मध्यें उत्तर प्रदेश, हरयाणा व राजस्थान या प्रांतांत पेटकोक जाळण्यास मनाई केली, आणि पुढें सिमेंट व चुन्याच्या भट्ट्यांस त्यांतून सूट दिली, ती याच भेदावरून. २०१८ सालीं परदेशचा पेटकोक जळणासाठीं आणण्यावरही बंदी आली. सिमेंट, चुना वगैरे कांहीं धंदे तेवढे वगळले. आणि वीटभट्ट्यांपुरतें पाहिलें तर केंद्र सरकारच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनें त्यांत पेटकोक, टायर व प्लॅस्टिक जाळण्यास स्पष्ट मनाई केली आहे. ती देशभर लागू आहे. म्हणजे तीं पोतीं भट्टीवाल्यास देणें हें नुसतें शेजारधर्मास सोडून नव्हे, कायद्यासही सोडून होतें.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगावीशी वाटते. आपल्यापैकीं पुष्कळजण पडीक तुकडा वीटभट्टीस भाड्यानें देतात. भाडेपट्ट्यांत मुदत असते, रक्कम असते, मातीच्या स्वामित्वधनाचा बोजा कोणावर हेंही असतें. पण भट्टींत काय जाळावें याची ओळ आम्हीं तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरींत एकाही पट्ट्यांत वाचल्याचें स्मरत नाहीं. एक ओळ वाढविण्यास मुद्रांक जास्त लागत नाहीं. 'भट्टींत पेटकोक, टायर अगर प्लॅस्टिक जाळल्यास पट्टा रद्द समजावा,' एवढें पुरे.

मावसबंधूंनीं भट्टीवाल्यास नकार दिला; तो अद्याप त्यांच्याशीं नीट बोलत नाहीं. अर्जाची पोंच आली आहे, उत्तर आलें नाहीं. मातीचा नमुना त्यांनीं तपासणीस दिला आणि दिवाळीनंतरच्या लागणीपूर्वीं त्या दहा गुंठ्यांसह एक एकरास पिवळे दाणे मिसळले. शेजारचे दहा गुंठे आमच्या आग्रहावरून तसेच ठेवले आहेत, म्हणजे ताडून पाहतां येईल. सव्वीस पोतीं पडवींतच आहेत. पावसापूर्वीं त्यांवर ताडपत्री घालून पोत्यांखालीं फळ्या टाकाव्यात, भुकटी ओढ्यास जाऊं देऊं नये, एवढें आम्हीं कळविलें आहे. आणि एखादा सिमेंट कारखाना इतका थोडा माल घेईल काय याची चौकशी आमचे शेजारी करीत आहेत.